काळा रंग फिका का पडला? : रंगसिद्धांताची एक जुनी तक्रार

आजचा विषय ‘डिझाइनमधले रंग : मूलतत्त्वे’ असा जाहीर झाला आहे. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटलं असेल की आता पडद्यावर बारा रंगांचं चक्र येणार, मग प्राथमिक रंग, दुय्यम रंग, उष्ण, शीत, विरोधी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना जे बसले असतील त्यांना ही यादी पाठच असते. तांबडा, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग. त्यांच्या मिश्रणातून नारिंगी, हिरवा, जांभळा. आणि चक्रात जे समोरासमोर येतात ते एकमेकांचे विरोधी. चक्र रंगवलं, गुण मिळाले, विषय संपला.

ते चक्र येणारच आहे. पण आपण या मालिकेत इतिहासाच्या बाजूने चालतो, तेव्हा आधी हे विचारू या की हे चक्र कुणाला हवं होतं, आणि कशासाठी. त्याचं उत्तर बरंचसं सापडतं ते चित्रकाराच्या स्टुडिओत नव्हे, पॅरिसमधल्या एका सरकारी कारखान्यात. आणि तेही एका तक्रारीच्या रूपात.

कारखान्याचं नाव गोब्लँ. पंधराव्या शतकात गोब्लँ आडनावाच्या एका रंगाऱ्याने बिएव्र नावाच्या लहानशा नदीकाठी आपलं रंगकाम थाटलं. पुढे १६६२ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने ती जागा राजासाठी विकत घेतली, आणि तिथे टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, तयार होऊ लागली. आपण गालिचा डोळ्यांसमोर आणू नये. ही चित्रंच असत: माणसं, घोडे, आकाश, रेशमी वस्त्रांच्या चुण्या, सगळं लोकर आणि रेशमाच्या धाग्यांत. माग उभा असे, विणकर मागाच्या पाठीमागे बसे. त्याच्या हाताशी रंगीत धाग्यांच्या कांड्या. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. चित्रकाराला रंग पटला नाही तर तो पॅलेटवर थोडा पिवळा आणखी घालतो. विणकराला ते शक्य नाही. रंगाऱ्याने लडी ज्या रंगात बुडवली, तो रंग पक्का. त्यामुळे चित्र बिघडलं की बोट आधी कुणाकडे जाणार? रंगाऱ्याकडे.

१८२४ मध्ये या कारखान्याच्या रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून मिशेल यूजेन शेव्रल याची नेमणूक झाली. हा माणूस रंगांचा नव्हेच मुळी, चरबीचा! प्राण्यांच्या चरबीवरचं त्याचं रसायनशास्त्रातलं काम १८२३ मध्ये ग्रंथरूपाने आलं होतं, आणि धूर-वास कमी करणाऱ्या मेणबत्त्यांचा धंदा त्या कामातूनच पुढे उभा राहिला. पण रंगाई म्हणजे रसायनच. तेव्हा सरकारने रसायनतज्ज्ञ नेमला, यात वावगं काही नव्हतं.

आल्या आल्या त्याच्यासमोर तक्रारी आल्या. फिकट निळे, जांभळे, करडे आणि तपकिरी रंग टिकत नाहीत, उडतात, ही एक तक्रार. शेव्रलने तपासलं आणि ती खरी निघाली. रंगाऱ्यांची बाजू घ्यायची म्हणून त्याने ती झाकली नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे तो जे म्हणाला त्याचं वजन त्यामुळे वाढतं. दुसरी तक्रार काळ्या रंगाची होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांमध्ये सावली दाखवायला काळी लोकर वापरली जाई, आणि ती तिथे पाहिजे तशी गडद दिसेना. मिळमिळीत वाटे. म्हणजे काळा रंग नीट चढलेला नाही.

काळा रंग देणं हे पूर्वी रंगाऱ्याच्या कसोटीचं काम होतं. आपल्याकडेही हिरड्यासारख्या तुरट फळाचा रस आणि लोखंडाचं पाणी यांच्या संयोगातून काळा करत, आणि त्यात प्रमाण जरा चुकलं की तो करपट तरी होई, नाहीतर भुरका. म्हणजे ‘तुझा काळा कच्चा आहे’ हे रंगाऱ्याला साधं बोलणं नव्हे. त्याच्या हातालाच बोल लावण्यासारखं ते होतं.

शेव्रलने सरळ उपाय केला. फ्रान्समधल्या आणि बाहेरच्या नावाजलेल्या कारखान्यांतून काळी लोकर मागवली आणि गोब्लँच्या लोकरीशेजारी ठेवून पाहिली. त्यांतली एकही गोब्लँच्या काळ्यापेक्षा सरस नव्हती. लडी हातात धरली तर काळी, आणि तीच लडी निळ्या झग्याच्या चुणीत विणली की फिकी. मग दोष कुठे राहिला? लोकरीत नाही, रसायनात नाही, भट्टीत नाही. दोष शेजाऱ्यात होता. निळ्यामुळे काळा बिघडत होता, आणि तोही कापडावर नव्हे, पाहणाऱ्याच्या डोळ्यात.

या निष्कर्षावर त्याने १८२८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला, आणि १८३९ मध्ये भलामोठा ग्रंथ काढला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘रंगांच्या समकालिक विरोधाचा नियम’ असा. दोन रंग एकाच वेळी शेजारी शेजारी दिसले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. एक गडद, एक फिका असेल तर गडद आणखी गडद भासतो, फिका आणखी फिका. आणि रंगच वेगळे असतील तर प्रत्येक रंग आपल्या पूरक रंगाची, म्हणजे चक्रातल्या समोरच्या रंगाची, किंचित झाक शेजाऱ्यावर टाकतो. निळ्याच्या समोर नारिंगी. म्हणून निळ्याशेजारच्या काळ्यावर नारिंगीची झाक चढते, आणि नारिंगी हा उजळ रंग असल्यामुळे काळ्याचा दम जातो. झालं. तक्रारीचा निकाल लागला.

हे घरी करून पाहता येतं, आणि आम्ही आग्रह धरू की पाहाच. करड्या कागदाच्या एकाच पट्टीतून दोन तुकडे कापा. एक लाल कार्डावर ठेवा, दुसरा हिरव्या. लालवरचा तुकडा किंचित हिरवट दिसेल, हिरव्यावरचा गुलाबीसर. फरक नीट जाणवत नसेल तर दोन्हींवर बटर पेपर टाका. परिणाम कमी होण्याऐवजी वाढतो! रंग मंद झाले, कडा पुसट झाल्या, की डोळ्याची ही सवय उलट जास्त उघडी पडते.

शेव्रलच्या ग्रंथात बाजारातले किस्से भरपूर आहेत, आणि आमच्या मते ग्रंथाचा जीव तिथे आहे. एक किस्सा कापडाच्या व्यापाऱ्यांचा. त्यांनी लाल, जांभळं आणि निळं साधं कापड काळी नक्षी करून घेण्यासाठी कारखानदारांकडे दिलं. माल परत आला तेव्हा व्यापारी म्हणाले, ही नक्षी काळी नाही. लाल कापडावरची हिरवी आहे, जांभळ्यावरची गडद हिरवट-पिवळी, निळ्यावरची तांब्याच्या रंगाची. अशा भांडणात पैसे अडकतात, हे वेगळं सांगायला नको. एक म्हणतो मी काळाच वापरला, दुसरा म्हणतो मला डोळे आहेत. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. शेव्रलने काय करावं? पांढरा कागद घेतला, नक्षीच्या आकाराने कापला आणि कापडावर असा ठेवला की जमिनीचा रंग झाकला जाईल आणि फक्त नक्षी उघडी राहील. नक्षी काळी कुळकुळीत! एक कागद आणि एक कात्री, एवढ्यात वाद मिटवता येत होता.

दुसरा किस्सा तर लक्ष्मी रोडवर किंवा दादरला साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या कुणालाही पटेल. शेव्रल सांगतो, गिऱ्हाइकाला एकामागून एक चौदा लाल कापडं दाखवली तर शेवटची सहा-सात त्याला आधीच्यांपेक्षा मळकी वाटतील, जरी सगळी एकाच प्रतीची असली तरी. लाल पाहून पाहून डोळा थकतो, आणि थकलेला डोळा लालवर हिरव्याची झाक घालून पाहतो. मग दुकानदाराने काय करावं? मधूनच हिरवी कापडं काढावीत. डोळा ताजा होतो, आणि नंतरचं लाल पुन्हा खुलतं. आपल्याकडच्या मुरलेल्या सेल्समनने शेव्रलचं नाव ऐकलेलं नसतं, पण लग्नाच्या बस्त्यात दहा लाल शालू झाल्यावर तो एक हिरवी पैठणी सहज उलगडून ठेवतो. हा त्याचा अनुभव. शेव्रलने त्या अनुभवाचं कारण आणि दिशा सांगितली: लालनंतर हिरवंच का, निळंच का नाही.

इथे चक्राचं काम सुरू होतं. कुठला रंग शेजाऱ्याला कुठे ढकलेल हे आधीच सांगायचं, तर रंगांची जागा ठरलेली हवी. कामापुरता नकाशा हवा. वर्तुळाची कल्पना शेव्रलची नाही. न्यूटनने १७०४ मधल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात लोलकातून निघालेले सात रंग वर्तुळात मांडले होते, मध्यभागी पांढरा. सातच का, तर संगीतातल्या सुरांच्या अंतरांशी जुळवायचं म्हणून. त्याच्या वर्तुळाचे सात तुकडे सारखेही नाहीत. तांबडा-पिवळा-निळा ही त्रयी व्यवहारात पक्की करण्यात छपाईवाल्यांचा मोठा हात. १७२५ च्या सुमारास याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ याने ‘कोलोरित्तो’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. तो तीन रंगांच्या तीन पत्र्यांवरून रंगीत चित्रं छापत असे, पुढे त्यात काळ्याची भर पडली. आजच्या चार रंगांच्या छपाईचा हा पूर्वजच. त्याने एक बारकावाही लिहून ठेवला: हाताला लागणारे रंग सगळे मिसळले तर काळा होतो, आणि न्यूटनचे, म्हणजे प्रकाशाचे रंग सगळे मिसळले तर पांढरा. हे वाक्य लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

शेव्रलने गोब्लँसाठी जे वर्तुळ केलं त्यात ७२ रंग होते. प्रत्येकाच्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २० पायऱ्या. शिवाय काळं मिसळून मंद केलेली आणखी वर्तुळं. एकूण हिशेब चौदा हजारांच्या पुढे जातो. रंगाऱ्याला आणि विणकराला एकमेकांशी बोलायला भाषा मिळावी, ‘जरासा पोपटी, पण एवढा नको’ असं हातवारे करून सांगावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. (आयफेल टॉवरवर फ्रेंच वैज्ञानिकांची ७२ नावं कोरली आहेत आणि त्यात शेव्रलचंही आहे. ७२ चा हा मेळ निव्वळ योगायोग. पण राज्यक्रांतीच्या आधी, १७८६ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ तो टॉवर उभा राहीपर्यंत जगला, १८८९ मध्ये १०२ वर्षांचा होऊन वारला. गोब्लँमध्ये तो सर्वांसाठी व्याख्यानंही देत असे, म्हणजे आपल्या या मालिकेचाही तो लांबचा नातेवाईक म्हणायचा.)

आता एक अडचण. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले की एकमेकांना खुलवतात, असं आपण म्हटलं. मग तांबड्या आणि हिरव्या धाग्याचं कापड विणलं तर ते झगझगीत दिसायला हवं ना? दिसत नाही. धागे बारीक असतील तर ते मळकट होतं. शेव्रलला हे चांगलं ठाऊक होतं, आणि विणकरांना त्याने सांगितलंही होतं की पूरक रंगांचे धागे एकत्र पिळले तर करडेपणा येतो. दोन रंग वेगळे ओळखू येण्याइतके मोठे असतील तर विरोध होतो. डोळ्याला वेगळे करता न येण्याइतके बारीक असतील तर मिश्रण होतं. पैठणीत हे दोन्ही एकाच वस्त्रावर पाहायला मिळतं. धूपछाँव पैठणीच्या अंगात उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. तिथे मिश्रण, आणि चुणी वळली की एकदा हा रंग वर येतो, एकदा तो. पण काठ आणि अंग यांच्यामध्ये चांगली रुंद सीमा असते, तिथे विरोध. जॉर्ज सरा याच्यासारख्या चित्रकारांनी पुढे ठिपक्यांनी चित्रं रंगवली, त्यांनी शेव्रल वाचलेला होता. ठिपका किती मोठा आणि माणूस किती अंतरावर उभा, यावर मिश्रण की विरोध ते ठरतं. रस्त्यावरच्या फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्याला हा प्रश्न रोज पडतो, किंवा पडायला हवा.

आता ल ब्लाँच्या त्या वाक्याकडे येऊ. १८५२ मध्ये हेल्महोल्ट्झने दाखवलं की रंगद्रव्यांचं मिश्रण आणि प्रकाशाचं मिश्रण या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पिवळा रंग निळ्या रंगात कालवला की हिरवा होतो, कारण पिवळं द्रव्य निळा प्रकाश गिळतं, निळं द्रव्य तांबडा-पिवळा गिळतं, आणि दोघांच्या तावडीतून हिरवा तेवढा सुटतो. ही वजाबाकी. पण पिवळा प्रकाश आणि निळा प्रकाश पडद्यावर एकत्र पाडले तर हिरवा येत नाही, जवळजवळ पांढरा येतो. ही बेरीज. म्हणजे शाळेतल्या चक्राला तडा गेला. पिवळ्याच्या समोर शाळेत जांभळा असतो, प्रकाशात निळा. तांबड्यासमोर शाळेत हिरवा, कॉम्प्युटरच्या रंगचक्रात मोरपिशी निळा. लाल ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे पाहा. जो डाग दिसेल तो मोरपिशीच्या बाजूला झुकलेला असेल, शाळेच्या चक्रातल्या हिरव्याच्या नव्हे. शेव्रलचा नियम टिकला, त्याचा नकाशा थोडा सरकवावा लागला. आणि डोळा हे का करतो, याचं शरीरशास्त्र तर बरंच नंतर उलगडू लागलं. हार्टलाइन याने हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवलं की शेजारच्या पेशी एकमेकींचा संदेश दाबतात. १९६७ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

मधल्या काळात चक्राचं एक वेगळंच झालं. रंगारी-विणकराचं अवजार हळूहळू सौंदर्याचं पंचांग बनलं: समोरासमोरचे दोन घ्या, त्रिकोणातले तीन घ्या, रंगसंगती तयार. याची थोडी जबाबदारी शेव्रलवरही येते. ग्रंथाच्या मोठ्या भागात त्याने पडदे, गालिचे, गणवेश, फुलांचे ताटवे यांच्यासाठी संगती सुचवल्या आहेत, आणि तिथे तो आपल्या आवडीला नियमाचा पोशाख चढवतो असं आम्हाला वाटतं. काळा निळ्याशेजारी फिका दिसतो, हे तपासता येतं. अमुक जोडी सुंदर, हे तसं तपासता येत नाही. चंद्रकळेचा काळा आणि तिचा लाल काठ आपल्याला भावतो, त्यात चक्राचा वाटा किती आणि संक्रांतीचा किती, कोण सांगणार?

याला जुन्या वळणावर परत आणलं ते जोसेफ आल्बर्स याने. जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये शिकून, तिथेच शिकवून तो १९३३ मध्ये अमेरिकेत गेला, आणि त्याच्या वर्गातल्या प्रयोगांचं पुस्तक १९६३ मध्ये आलं. त्याच्या वर्गात रंग कालवत नसत, रंगीत कागद कापत. संगतीचे आयते नियम त्याला मान्य नव्हते. पहिला अभ्यास असा: एकाच कागदाचे दोन तुकडे घ्या आणि जमिनी अशा निवडा की ते दोन वेगळे रंग वाटतील. मग उलट: दोन वेगळे रंग एकसारखे दिसतील अशा जमिनी शोधा. हे सगळं शेव्रलच्या कापलेल्या पांढऱ्या कागदासारखंच आहे. फक्त त्याने परिणाम पुसायला कागद वापरला, आल्बर्सने घडवायला.

शेवटी दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊ. पहिला असा, की मुलांना मग मूळ रंग कोणते शिकवायचे? आम्ही म्हणू, कशात मिसळायचे आहेत ते आधी विचारा. पडद्यावर: तांबडा, हिरवा, निळा. छपाईत: सायन, मॅजेंटा, पिवळा, आणि सोबत काळा. पोस्टर कलरच्या डब्यात तांबडा-पिवळा-निळा चालतो, पण त्यातून चांगला जांभळा निघत नाही, तो नेहमी मळतो, आणि त्यात मुलाची चूक नसते. तांबड्याऐवजी मॅजेंटा देऊन पाहा.

दुसरा प्रश्न एका डिझाइनरताईंचा आहे. क्लायंट म्हणतो, लोगोचा निळा वेबसाइटवर ‘आमचा निळा’ वाटत नाही, आणि कोड तर तोच आहे. ताई, आधी तो लोगो पांढऱ्या चौकोनात ठेवून दाखवा. तिथे निळा जुळला तर शेजारचा रंग बदला, लोगोला हात लावू नका. तिथेही जुळला नाही तर मात्र स्क्रीन तपासायला हवा. आणि अक्षरं असतील तर पानाचा फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. निळ्यावर लाल अक्षरं रंगीत असताना डोळ्यात भरतात, पण कृष्णधवल केल्यावर जमिनीत मिसळून गेली तर ती वाचता येणार नाहीत. वेबसाइटच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी उजळपणाचं किमान ४.५ ला १ असं गुणोत्तर मागतात, ते रंगाच्या नावावर नाही, फिक्या-गडदपणावर मोजलं जातं.